फास्टॅगचा वार्षिक पास : घेण्याआधी वाटेवरचे नाके मोजावेत

खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून मिळू लागला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी त्याची घोषणा 18 जून 2025 रोजी केली, तेव्हापासून या पासाविषयी बरेच बोलले गेले; पण त्यात सामान्य गाडीवानाला पडणाऱ्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच होते. तो प्रश्न असा, की ‘मी ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर हा पास चालतो का, आणि चालत असेल तर माझे पैसे वसूल होतात का?’ पुण्यात राहून कोल्हापूरकडे वरचेवर जाणारा गाडीमालक म्हणून मी हा पास घेतला आणि वापरला. त्याविषयीचे माझे मत मी आधीच सांगून ठेवतो. पुणे-सातारा-कोल्हापूर किंवा पुणे-सोलापूर अशा मार्गांवर नियमित प्रवास करणाऱ्यांसाठी गाडीचा खर्च कमी करण्याचा इतका सोपा उपाय अलीकडच्या काळात दुसरा आलेला नाही. पण ज्यांचा प्रवास मुख्यतः मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर होतो, त्यांनी तो घेण्यात काहीही अर्थ नाही.

पासाची रचना थोडक्यात अशी आहे. पैसे एकरकमी भरायचे (2025-26 या आर्थिक वर्षासाठी ते 3000 रुपये होते, आणि पुढचा हिशेब त्यावरच केला आहे) आणि त्या बदल्यात एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत, राष्ट्रीय महामार्गांवरच्या आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या टोलनाक्यांवर वेगळे पैसे न देता पुढे जायचे. हा पास केवळ खासगी, म्हणजे बिगर-व्यावसायिक कार, जीप आणि व्हॅन यांना मिळतो; पिवळ्या पाटीच्या गाड्यांना तो मिळत नाही. त्यासाठी नवा फास्टॅग घ्यावा लागत नाही, काचेवर असलेल्या फास्टॅगवरच तो चढवला जातो. रक्कम फास्टॅगच्या खात्यातून वळती होत नाही. ती ‘राजमार्गयात्रा’ या ॲपवर किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतंत्रपणे भरावी लागते. वर्ष किंवा फेऱ्या संपल्या की फास्टॅग पूर्वीसारखा नेहमीच्या पद्धतीने पैसे कापू लागतो. पास आपोआप पुढे चालू राहत नाही, तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. मात्र 200 फेऱ्या लवकर संपल्या तर वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता दुसरा पास घेता येतो.

आता ‘फेरी’ या शब्दाविषयी नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. ज्या रस्त्यांवर नाके ठिकठिकाणी आडवे उभे असतात, तिथे प्रत्येक नाका ओलांडणे ही एक फेरी धरली जाते. जाताना एक आणि येताना दुसरी. ज्या द्रुतगती मार्गांवर आत शिरताना नोंद होते आणि बाहेर पडताना अंतरानुसार आकारणी होते, तिथे प्रवेशापासून निर्गमनापर्यंतचा संपूर्ण प्रवास एकच फेरी ठरतो. महाराष्ट्रातील राष्ट्रीय महामार्गांवर आपल्याला भेटणारे नाके बहुतांशी पहिल्या प्रकारचे आहेत. त्यामुळे 200 ही संख्या ऐकताना जितकी मोठी वाटते तितकी ती आपल्याकडे टिकत नाही. घरातून निघून परत घरी येईपर्यंतच्या प्रवासाला आपण एक फेरी म्हणतो, पण पासाच्या लेखी त्या एका प्रवासाच्या आठ फेऱ्या होऊ शकतात.

माझ्या वाटेवरचेच उदाहरण घेऊ. पुण्याहून कोल्हापूरला जाताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन आठ. त्या मानाने 200 फेऱ्यांमध्ये पुणे-कोल्हापूर-पुणे असे 25 प्रवास बसतात. जो माणूस पंधरवड्यातून एकदा हा प्रवास करतो, त्याच्या वर्षभरात 208 फेऱ्या होतात, आणि त्यामुळे पास पूर्ण वापरला जाऊन त्यातला प्रत्येक नाका त्याला 15 रुपयांना पडतो. खेड शिवापूरच्या एकट्या नाक्यावर एका वेळचा टोल शंभर रुपयांहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे बचत किती मोठी आहे हे सांगण्याची गरज उरत नाही.

परंतु पंधरवड्याला कोल्हापूर गाठणारे थोडेच असतात. बहुतेक कुटुंबे महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा गावी जातात, आणि पासाची खरी परीक्षा त्यांच्या बाबतीत होते. हिशेबापुरता एका नाक्याचा सरासरी दर 80 रुपये धरला, तर 3000 रुपये वसूल होण्यासाठी 38 वेळा नाका ओलांडावा लागतो. चार नाक्यांच्या मार्गावर हे पाच जा-ये प्रवासांत साध्य होते. महिन्यातून एकदा जाणाऱ्याच्या वर्षात 96 फेऱ्या होतात, ज्यांना एरवी 7680 रुपये लागले असते. म्हणजे निम्म्याहून अधिक फेऱ्या वाया जाऊनही त्याचे साडेचार हजारांहून जास्त रुपये वाचतात. याउलट दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि एखादे लग्न असा वर्षातून तीनदाच प्रवास करणाऱ्या कुटुंबाच्या 24 फेऱ्या होतील आणि त्यांचा टोल 1920 रुपये होईल. त्यांनी पास घेतला तर हजारभर रुपये अंगावर पडतील, आणि न वापरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत.

या हिशेबात आणखी एक गोष्ट मिसळावी लागते, जी पासाचे गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत. राष्ट्रीय महामार्गांवरील शुल्काच्या 2008 च्या नियमांनुसार 24 तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आल्यास जाण्या-येण्याचा एकत्रित टोल एकेरी दराच्या दीडपटच लागतो, आणि ही सवलत फास्टॅगवर मिळते. सकाळी पुण्याहून साताऱ्याला जाऊन रात्री परतणाऱ्याला ती आधीपासूनच मिळत आहे. पासामध्ये मात्र अशी काही सूट नाही. परतीची फेरी पूर्ण फेरी म्हणूनच मोजली जाते. त्यामुळे ज्यांचे बहुतेक प्रवास एका दिवसात उरकणारे असतात, त्यांनी सरासरी 80 रुपयांऐवजी 60 रुपये धरून हिशेब करावा. तसे केल्यास पैसे वसूल होण्यासाठी 38 ऐवजी 50 फेऱ्या लागतात आणि चार नाक्यांच्या मार्गावर पाचऐवजी सात प्रवास. तरीही नियमित प्रवाशाला पास परवडतोच, पण काठावर असलेल्यांचा निर्णय यामुळे बदलू शकतो.

टोलनाक्याच्या अगदी जवळ राहणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि त्यांची फसगत होण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बिगर-व्यावसायिक वाहनधारकांसाठी स्थानिक मासिक पासाची तरतूद जुनीच आहे. त्याचा दर महिन्याला साधारण 350 रुपयांच्या घरात आहे आणि त्या एका नाक्यावरून महिनाभर कितीही वेळा जाता-येता येते. कामासाठी रोज एकच नाका दोनदा ओलांडणाऱ्या माणसाने वार्षिक पास घेतला, तर त्याच्या 200 फेऱ्या शंभर दिवसांत संपतील. कामाचे 300 दिवस धरले तर वर्षाला तीन पास, म्हणजे 9000 रुपये लागतील. स्थानिक मासिक पासावर हाच खर्च 4200 रुपयांच्या आसपास राहतो. रेल्वेच्या मासिक पासाप्रमाणे हाही ‘कितीही वेळा जा-ये’ करण्याचा पास आहे, असा समज अनेकांनी करून घेतलेला मी पाहिला आहे, आणि ॲपवरही या दोन पासांची तुलना ठळकपणे समोर येत नाही. ती तिथे पहिल्याच पानावर असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पासाची सर्वांत मोठी मर्यादा मात्र राज्याच्या रस्त्यांची आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू हे राज्याच्या यंत्रणांचे रस्ते आहेत, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे नव्हेत, आणि म्हणून तिथे हा पास चालत नाही. द्रुतगती मार्गावर कारला एका बाजूने 320 रुपये लागतात. अटल सेतूवर एकेरी प्रवासाला 250 रुपये. आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जो 5 जून 2025 रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, त्यावर कारला किलोमीटरमागे दोन रुपयांहून थोडा अधिक टोल आहे. म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत महागडे टोल नेमके पासाच्या कक्षेबाहेर आहेत. दर शनिवार-रविवारी मुंबईहून पुण्याला येणाऱ्याचा वर्षाचा टोल तीस हजारांच्या पुढे जातो, आणि त्यातला एक रुपयाही हा पास वाचवू शकत नाही.

यामध्ये केंद्राची चूक नाही, हे मान्य केले पाहिजे. राज्याच्या रस्त्यांवरची वसुली ठरवण्याचा अधिकार केंद्राला नाही. पण गाडी चालवणाऱ्याला रस्त्याचा मालक कोण आहे हे रस्त्यावरून कळत नाही. दोन्हीकडे तोच फास्टॅग वाचला जातो, तोच आडवा दांडा वर जातो आणि तोच संदेश मोबाईलवर येतो. मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीचे उदाहरण पाहावे : द्रुतगती मार्गावर फास्टॅगच्या खात्यातून 320 रुपये जातात आणि पुण्याच्या पुढे त्याच फास्टॅगवरच्या पासातून चार फेऱ्या वजा होतात. म्हणून पास घेतल्यावर फास्टॅगच्या खात्यात शिल्लक ठेवण्याची गरज संपली असे कोणी समजू नये. पासामुळे निर्धास्त होऊन खाते रिकामे ठेवलेला माणूस राज्याच्या पहिल्याच नाक्यावर अडकतो. 1 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात राज्याच्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झाला आहे, त्यामुळे तिथे ऐनवेळी रोख पैसे काढून सुटका करून घेणेही महागात पडते.

राज्य सरकारने स्वतःच्या रस्त्यांसाठी अशाच स्वरूपाचा पास द्यावा, किंवा केंद्राशी करार करून काही फेऱ्या तरी यात सामावून घ्याव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी देण्यात आली, तेव्हा राज्याला इच्छा असेल तर काय करता येते हे दिसलेच आहे. सरसकट माफीपेक्षा नियमित प्रवाशाला वाजवी दरातला पास देणे हे तिजोरीलाही झेपणारे ठरेल.

इतर मार्गांविषयी थोडक्यात सांगतो. पुणे-सोलापूर मार्गावर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार नाके आहेत, त्यामुळे तिथला हिशेब कोल्हापूरच्या मार्गासारखाच आहे. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्यांना पडघा आणि घोटी असे दोनच मोठे नाके लागतात. तिथे फेऱ्या सावकाश संपतात, 200 फेऱ्यांत 50 वेळा जाऊन येता येते. पुणे-नाशिक रस्त्यावर चाळकवाडी आणि हिवरगाव पावसा येथील नाक्यांचा विचार करावा. कोल्हापूरच्या पुढे बेळगावला नियमित जाणाऱ्यांसाठी कोगनोळी आणि हत्तरगी हे नाकेही पासात येतात, कारण पास कोणत्याही एका राज्यापुरता नाही. देशभरातील राष्ट्रीय महामार्गांवरचे साडेअकराशेच्या आसपास नाके त्यात आहेत. वर्षातून एकदा स्वतःच्या गाडीने लांबचा प्रवास करणाऱ्यांना, मग तो उज्जैनचा असो वा हंपीचा, या एका कारणासाठीही पास फायद्याचा ठरू शकतो. निघण्यापूर्वी वाटेवरचे नाके राजमार्गयात्रा ॲपवर पाहून मोजावेत आणि 38 या आकड्याशी ताडून पाहावेत.

गाडीच्या एकूण खर्चात टोलचे स्थान काय, हेही पाहण्यासारखे आहे. पुणे ते कोल्हापूर अंतर साधारण 230 किलोमीटर आहे. पेट्रोलची गाडी महामार्गावर लिटरला 18 किलोमीटर चालते आणि पेट्रोल 104 रुपये लिटर आहे असे धरले, तर जाण्या-येण्याच्या 460 किलोमीटरला 2650 रुपयांच्या आसपास इंधन लागते. सरासरी 80 रुपयांप्रमाणे आठ नाक्यांचे 640 रुपये होतात, म्हणजे इंधनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा टोलवर जातो. महिन्यातून एकदा जाणाऱ्याने पास घेतल्यास हाच टोल त्याला प्रत्येक प्रवासाला 250 रुपये पडतो. टायरमधली हवा योग्य राखून, वेग 80-90 च्या दरम्यान ठेवून आणि डिकीतले अनावश्यक ओझे उतरवून इंधनात जी बचत होते, तिच्याहून ही बचत मोठी आहे; आणि तिच्यासाठी गाडी चालवण्याच्या सवयीत काही बदल करावा लागत नाही. अर्थात त्या सवयी सोडाव्यात असे मी म्हणत नाही, दोन्ही बचती एकत्र नांदू शकतात.

खरेदीची प्रक्रिया मला सुटसुटीत वाटली. ॲपवर गाडीचा क्रमांक आणि फास्टॅगशी जोडलेला मोबाईल क्रमांक दिला की गाडी खासगी आहे की नाही हे शासनाच्या ‘वाहन’ या नोंदीतून तपासले जाते, त्यानंतर पैसे भरायचे आणि साधारण दोन तासांच्या आत पास चालू होतो. उरलेल्या फेऱ्या ॲपवर दिसत राहतात, त्यामुळे प्रत्येक प्रवासानंतर तपासणे सोपे जाते, आणि तसे तपासण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पास विकण्यासाठी कोणत्याही दलालाची किंवा नाक्यावरच्या माणसाची नेमणूक झालेली नाही. ‘पास काढून देतो’ असे सांगून मोबाईलवर दुवे पाठवणाऱ्यांपासून विशेषतः घरातील ज्येष्ठांना सावध करावे. राजमार्गयात्रा ॲप आणि प्राधिकरणाचे संकेतस्थळ या दोनच जागी पैसे भरायचे आहेत.

अडचण येते ती फास्टॅग देणाऱ्या बँकांच्या पातळीवर. फास्टॅगवर गाडीचा पक्का नोंदणी क्रमांक असावा लागतो. नवी गाडी घेताना विक्रेता जो फास्टॅग देतो तो बऱ्याचदा केवळ चासी नंबरवर काढलेला असतो आणि तशा फास्टॅगवर पास मिळत नाही. आमच्या घरातल्या दुसऱ्या, नव्या गाडीच्या बाबतीत हेच झाले. आरसीची प्रत, गाडीचा समोरून काढलेला फोटो आणि काचेवरच्या फास्टॅगचा फोटो पाठवूनही संबंधित बँकेने नोंदणी क्रमांक चढवायला बरेच दिवस लावले, आणि दरम्यान त्यांच्या मदत क्रमांकावर प्रत्येक वेळी नवी तक्रार नोंदवायला सांगण्यात आले. बँकेचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, कारण कामाची ही पद्धत एखाद्याच बँकेपुरती मर्यादित असेल असे मला वाटत नाही. नवी गाडी घेणाऱ्यांनी आरसी हाती पडताच पहिले काम हे करून घ्यावे, पास घ्यायचा असो वा नसो.

फास्टॅग काचेवर घट्ट चिकटवलेला असणे ही दुसरी अट आहे. तो हातात धरून स्कॅनरला दाखवणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळे असे सुटे फास्टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरण जुलै 2025 मध्ये जाहीर झाले. काळ्या यादीतल्या फास्टॅगवर पास मिळत नाही. पास हा गाडीशी बांधलेला असतो, एका गाडीचा पास दुसऱ्या गाडीला वापरता येत नाही, आणि गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर हलवता येत नाही. म्हणून येत्या काही महिन्यांत गाडी बदलण्याचा विचार असणाऱ्यांनी थांबणे शहाणपणाचे ठरेल. फास्टॅगच चालत नसेल तर काय होते, हेही ठाऊक असावे : 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर वैध फास्टॅग नसल्यास रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट शुल्क ठरवण्यात आले. नाक्यावर वाद घालत लेन अडवण्यापेक्षा पावती घेऊन पुढे जावे आणि 1033 या महामार्ग मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रस्त्यात गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तरी हाच क्रमांक उपयोगी पडतो, त्यामुळे तो मोबाईलमध्ये साठवून ठेवणे योग्य.

इतके सगळे अनुकूल लिहिल्यानंतर एक गोष्ट मला अस्वस्थ करते, आणि ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचे काम 2010 मध्ये सुरू झाले. साताऱ्यापासून कागलपर्यंतच्या टप्प्याचे काम त्यानंतर आले. खंबाटकी घाटात नव्या बोगद्यांचे काम चालू राहिले. या सगळ्या काळात सेवा रस्त्यांवरची वळणे, खड्डे, अर्धवट उड्डाणपूल आणि पावसाळ्यात साचणारे पाणी सहन करत लोकांनी टोल भरला आहे. ‘रस्ता धड नाही तर टोल कशाचा’ हा प्रश्न खेड शिवापूरच्या नाक्यावर अनेक आंदोलनांनी विचारला. पासामुळे टोलची रक्कम कमी झाली, पण ती वर्षाच्या सुरुवातीलाच आगाऊ भरली गेली. नाक्यावर दर वेळी शंभर रुपये कापले गेल्याचा संदेश येतो, तेव्हा मनात उमटणारा हिशेब पासधारकाच्या मनात उमटत नाही, आणि तो बंद व्हावा हे रस्त्याच्या दृष्टीने चांगले नाही.

पास सुरू झाला त्याच ऑगस्ट महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा येथील टोलवसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे चार आठवड्यांसाठी थांबवली, आणि त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. चालण्याजोगा रस्ता देणे आणि टोल घेणे या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, हे तत्त्व त्या प्रकरणात न्यायालयाने मान्य केले. ज्या टप्प्यावर काम रखडले आहे आणि वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली आहे, त्या टप्प्यातील नाका ओलांडताना पासधारकाची फेरी वजा होऊ नये, अशी तरतूद करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. संगणकावरचा एक नियम बदलावा लागेल. तशी तरतूद झाली तर हा पास केवळ स्वस्त राहणार नाही, न्याय्यही होईल. तोपर्यंत पासधारकांनीही खराब टप्प्याची छायाचित्रे आणि ठिकाणासह तक्रार ॲपवर नोंदवत राहावी. पैसे आधी भरले म्हणून तक्रारीचा हक्क कमी होत नाही.

पास कधी घ्यावा, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. वर्ष मोजले जाते ते पास चालू झाल्याच्या दिवसापासून, आणि आपले प्रवास मात्र सणांच्या तिथींनुसार ठरतात. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ महिना असल्यामुळे त्यानंतरचे सण 2025 च्या तुलनेत इंग्रजी तारखेने अडीच-तीन आठवडे पुढे गेले आहेत. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे. ज्यांनी 2025 च्या दिवाळीला गावी निघताना पास घेतला, त्यांचा पास पुढच्या दिवाळीच्या प्रवासाआधीच संपलेला असेल, आणि ही गोष्ट नाक्यावर पैसे कापले गेल्यावरच त्यांच्या लक्षात येईल. त्यांनी संपण्याची तारीख आताच पाहून ठेवावी आणि पास संपताच घाईने नवा न घेता पुढच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी घ्यावा, म्हणजे मधले रिकामे आठवडे नव्या वर्षातून वजा होणार नाहीत. पासाची रक्कम दर वर्षी 1 एप्रिलपासून बदलू शकते, त्यामुळे मार्चअखेरीस ज्यांचा पास संपत आला असेल त्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे. आणि पास चालू व्हायला दोन तास लागू शकतात, म्हणून खेड शिवापूरच्या रांगेत उभे राहून तो घेण्याचा विचार कोणी करू नये. निघण्याच्या आदल्या रात्री घरी बसून पैसे भरावेत आणि ॲपवर 200 फेऱ्या दिसू लागल्याची खात्री करून घ्यावी.